खिसा तीन वेळा फाटला

मी शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या एका कारखान्यात हिशेब बघते. सोलापूर म्हटलं की लोकांना चादर आणि टॉवेल आठवतात, पण शाळांच्या शर्टांचे कारखानेही इथे गल्लोगल्ली आहेत. मी मशीनवर बसत नाही. तरी पंधरा वर्षं कटिंग मास्तरांच्या शेजारी टेबल असल्यावर शिवण वाचता येते.

२५ नोव्हेंबर २०२४, सोमवार. मुलाच्या शर्टाचा खिसा उसवलेला दिसला. खिशाच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांवर बारटॅक मारलेली असते, म्हणजे दाट टाक्यांची छोटी पट्टी. ती सहसा जात नाही. गेलीच तर दोरा झिजून जाते आणि कापड शाबूत राहतं. इथे कापडच फाटलं होतं, डाव्या कोपऱ्यातून खाली, कुणीतरी आत बोटं घालून ओढल्यासारखं. "खिळ्याला अडकला," तो म्हणाला. मी शिवून दिला. ४ डिसेंबरला तोच कोपरा पुन्हा. "बाकाला लागला." १२ डिसेंबरला तिसऱ्यांदा, आणि या वेळी वरून दुसरं बटणही गेलं होतं, खालच्या कापडाचा गोल तुकडा घेऊन. खिळा बटण उपटत नाही.

हे लिहितेय ते एवढ्यासाठी की पुढचे तीन-चार महिने मी रात्री-रात्री मोबाइलवर मराठीत शोधत होते, शाळेत बाकीची पोरं आपल्या पोराला छळत असतील तर काय करायचं ते, आणि मिळायचं ते 'मुलांशी संवाद साधा'. संवाद साधल्यावर कुठे जायचं, अर्जात काय लिहायचं, तो कुणाच्या हातात द्यायचा, हे कुठेच नव्हतं.

मुलगा आठवीत, तेरा वर्षांचा. नाव लिहीत नाही. घरी त्याला दादू म्हणतो, तेवढं पुरे. दादू बोलताना अडखळतो, अगदी लहानपणापासून. 'क' आणि 'त' आला की गाडी थांबते.

तो बोलला १५ डिसेंबरला, रविवारी पहाटे. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड येतं, त्या दिवशी साडेचारला आलं. आम्ही दोघं अंधारात पिंप भरत होतो. पाइप त्याच्या हातात, मी हंडे सरकवत होते. माझ्याकडे न बघता म्हणाला, "आई, मला बफरिंग म्हणतात."

मला आधी कळलंच नाही. मग त्याने पाइप काखेत धरला आणि चेहऱ्यासमोर बोट गोल गोल फिरवून दाखवलं. व्हिडिओ अडकला की पडद्यावर फिरतं ना, तसं. तो एखाद्या अक्षरावर अडकला की समोरचा हे करतो. आधी तिघंच करायचे: नववीतले दोन आणि त्याच्या वर्गातला एक. दिवाळीनंतर अर्धा वर्ग करायला लागला. शाळेच्या रिक्षात ते त्याला मागच्या फळीवर बसवायचे, "कुठं चाललालास बे, सांग की," विचारायचे आणि तो सांगेपर्यंत सगळे मिळून बोटं फिरवायचे. खिशात वीस रुपये असले तर काढून घ्यायचे. आठवड्यापूर्वी डबाही गेला होता. मला त्याने "शाळेत राहिला" असं सांगितलं होतं.

पिंप भरून वाहत होतं आणि आम्हा दोघांचंही लक्ष नव्हतं.

यांना सांगितलं तर हे म्हणाले, "दोन ठेवून द्यायच्या होत्यास." सासूबाई म्हणाल्या, "शाळा बदला." मी काहीच म्हणाले नाही, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यात मोठी चूक मीच केली.

सोमवारी १६ तारखेला मी कारखान्यात उशिरा येते म्हणून सांगितलं आणि तडक रिक्षा उभी राहते त्या कोपऱ्यावर गेले. नववीतल्या एकाचा दंड धरला आणि चार लोकांत त्याला वाट्टेल ते बोलले. दादू रिक्षात मागे बसलेला होता. त्याचा चेहरा मी तेव्हा बघितला असता तर थांबले असते.

मंगळवारी संध्याकाळी व्हिडिओ आला. सव्वीस सेकंदांचा. शाळेच्या सायकल स्टँडमागे दादूला उभं केलंय आणि कुणीतरी विचारतंय, "मम्मीचं नाव सांग." तो सांगायचा प्रयत्न करतोय. वरून कुणीतरी त्याच्या चेहऱ्यावर ते फिरणारं चक्र चिकटवलंय. चाळीस-बेचाळीस पोरांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, खाली हसण्याचे गोळे. ज्यांनी पाठवला त्यात त्याचे दोन मित्रही होते.

दादू माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. गुरुवारी एवढंच म्हणाला, "तुला सांगितलं नसतं तर बरं झालं असतं."

माझ्या भावाला मी तो व्हिडिओ पाठवला होता, सल्ला विचारायला. त्याने तो बायकोला दाखवला, तिने तिच्या बहिणीला. घरातल्या चार मोबाइलवर माझ्याच हाताने गेला. ही दुसरी चूक.

शाळेत गेले बुधवारी १८ तारखेला, मधल्या सुट्टीत. वर्गशिक्षिका चांगल्या आहेत, बावन्न पोरं सांभाळतात. त्या म्हणाल्या, "मुलं मस्करी करतात हो, मी बघते." त्यांनी बघितलं ते असं: वर्गात विचारलं, "याला कोण त्रास देतंय?" बावन्न जणांत दादूला उभं करून. कोण हात वर करणार? त्या दिवसानंतर तोंडी सांगायचं नाही हे मी ठरवलं. पण कागदावर काय लिहायचं हे कुठे माहीत होतं?

शुक्रवारी रात्री साडेदहाला १०९८ लावला. तो नंबर रस्त्यावरच्या, हरवलेल्या मुलांसाठी असतो अशी माझी समजूत होती. १९९६ साली मुंबईत चाइल्डलाइन सुरू झाली तेव्हा भर तसाच होता म्हणे. आता ही सेवा सरकार चालवतं, अठरा वर्षांखालच्या कुठल्याही मुलासाठी, चोवीस तास, पैसे न पडता. पलीकडच्या ताईंनी आधी विचारलं, "बाळ आत्ता, या क्षणी सुरक्षित आहे का?" मी हो म्हटलं. दुसरा प्रश्न: "तुम्ही फोन करताय हे त्याला माहीत आहे का?" मी गप्प.

त्यांनी रागावल्या स्वरात काही म्हटलं नाही. त्याचं वय विचारलं, शहर विचारलं, कुणी अंगाला नको तसा हात लावला आहे का, जीव द्यायचं वगैरे काही बोलतो का, तेही अगदी सरळ विचारलं. गरज पडली तर जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवता येईल म्हणाल्या. पण आधी मुलाला विचारा, आणि आजपासून घडेल ते तारखेनिशी लिहून ठेवा. फोन बावीस मिनिटं चालला. करणार असाल तर जवळ वही घेऊन बसा, मी बिलबुकाच्या मागे लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी माझंच मला वाचता येईना.

शनिवारी दादूशी तह झाला. तह म्हणजे खरंच तह, अटींसह. पुढे कुठलंही पाऊल टाकायचं तर आधी त्याला सांगायचं. तो "आत्ता नको" म्हणाला तर दोन दिवस थांबायचं. मात्र कुणी मारलं किंवा त्याच्या जिवाला धोका वाटला तर मी थांबणार नाही, हे मीही सांगून टाकलं. त्याने विचार केला आणि म्हणाला, "पप्पांना पण लागू." पप्पांनी मान डोलावली.

मग आम्ही वही घातली. माझ्या धंद्यातलीच, लांबडी, रकाने आखलेली. तारीख, वेळ, जागा, कोण, काय, कुणी पाहिलं. नोव्हेंबरपासूनचं आठवेल तेवढं त्याने सांगितलं, मी लिहिलं. खिशाच्या तिन्ही तारखा माझ्याकडे पक्क्या होत्या. एकूण एकोणीस नोंदी झाल्या. रडण्यासारखं तिथे काही दिसत नव्हतं, एखाद्या दुकानाची उधारी दिसावी तसं पान होतं. त्या पानाने पुढे जे काम केलं ते माझ्या आवाजाने केलं नव्हतं.

अर्जाचा पहिला खर्डा मी चार पानी लिहिला. आमच्या मजल्यावर एक काका राहतात, सरकारी कचेरीतून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "ताई, यात रडगाणं जास्त आणि मागणी कुठेच नाही. तुम्हाला नेमकं काय हवंय?" मला काय हवंय ते मला सांगताच येईना. शेवटी अर्ज एका पानावर बसला. वर मुख्याध्यापकांचं पद आणि विषय. खाली घटनाक्रम पाच ओळींत, 'सविस्तर नोंदी सोबत जोडल्या आहेत' असं लिहून. मग चार मागण्या, आकडे घालून: व्हिडिओ ग्रुपवरून काढायला लावणे, सायकल स्टँडपाशी सुट्टीच्या वेळी शिक्षक उभे करणे, सखी सावित्री समितीसमोर विषय घेणे, आणि सात दिवसांत लेखी उत्तर. मुलांची नावं मुख्य अर्जात घातली नाहीत, वेगळ्या बंद लिफाफ्यात दिली. हे काकांचंच डोकं. "अर्ज दहा टेबलांवरून फिरतो, आणि ती पण पोरंच आहेत," म्हणाले. तळाला: प्रत माहितीसाठी, शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद, सोलापूर. काका म्हणतात, या एका ओळीने अर्जाचं वजन वाढतं.

सखी सावित्री समिती हे नाव मी शाळेच्या नोटीस बोर्डवर वाचलं होतं, तेही हळदीकुंकवाचं मंडळ असेल असं समजून. शाळेत मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी ही समिती असावी असा शासन निर्णय मार्च २०२२ चा आहे. बदलापूरच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये शासनाने पुन्हा आदेश काढला, त्यात ही समिती, तक्रारपेटी आणि सीसीटीव्ही, सगळं आलं. आमच्या शाळेतही पेटी होती. मुख्याध्यापकांच्या दाराशेजारी, शिपायाच्या खुर्चीच्या बरोबर वर. कोणतं पोर तिथे चिठ्ठी टाकेल?

२३ डिसेंबर, सोमवार. अर्ज दोन प्रतींत नेला. कार्यालयातल्या बाईंनी एक प्रत घेतली आणि ट्रेमध्ये ठेवली. मी म्हटलं, "दुसरीवर पोहोच द्या." "कशाला? साहेब बघतील की." मी बसून राहिले. पन्नास मिनिटांनी शिक्का बसला, आवक क्रमांक, तारीख, सही. तो शिक्का बसेपर्यंत उठू नका, एवढं मात्र नक्की सांगेन. मुख्याध्यापक बाहेर आले तेव्हा म्हणाले, "लेखी कशाला दिलंत, बोललो असतो आपण." मी म्हटलं, "बोलू की सर, तेही करू."

व्हिडिओचं काय करायचं हे विचारायला त्याच आठवड्यात पोलिसांकडे गेले, दादूला विचारून. तो आला नाही, तेही चाललं. पोलीस ठाण्यात गेल्यावर 'बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण आहेत' असं विचारा. बाल न्याय कायद्याप्रमाणे प्रत्येक ठाण्यात एकाकडे ती जबाबदारी दिलेली असते, आणि मुलांशी बोलताना त्यांनी शक्यतो गणवेशात असू नये असं त्या कायद्याच्या नियमांतच आहे. मला भेटलेल्या मॅडमनी चहा मागवला आणि आधी माझी घाई कमी केली. म्हणाल्या, हे करणारीही अठराच्या आतली आहेत. असल्या प्रकरणात मुलांवर एफआयआर होत नाही, तो अतिगंभीर गुन्ह्यात होतो. इथे ठाण्याच्या डायरीत नोंद होते, मुलाच्या घरची-दारची माहिती गोळा होते आणि ते बाल न्याय मंडळाकडे जातं. "तुम्हाला शिक्षा हवीय का त्रास थांबायला हवाय? दोन्ही हवं असेल तर तसं सांगा, पण विचार करून या."

त्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं लिहिते. ग्रुपचे स्क्रीनशॉट काढा, त्यात पाठवणाऱ्याचं नाव-नंबर, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. ते झाल्याशिवाय ग्रुप सोडू नका, चॅट पुसू नका. मग मेसेज रिपोर्ट करा. व्हिडिओ पुढे कुणालाही पाठवू नका, अगदी सख्ख्या भावालाही. (मी खाली बघितलं.) आणि कधी अंगावर कपडे नसलेला किंवा तसला काही व्हिडिओ असेल तर तो स्वतःकडे साठवून किंवा पाठवून पुरावा करत बसू नका, मुलाचा तसला व्हिडिओ ठेवणं-पाठवणं हाच पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, गुन्हा होऊ शकतो. मोबाइल घेऊन सरळ ठाण्यात या, नाहीतर केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करा. तिथे मुलांबद्दलची तक्रार नाव न देताही करता येते.

घरी येऊन दादूच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये प्रायव्हसीत जाऊन 'ग्रुप्स'ला 'माय कॉन्टॅक्ट्स' केलं. त्याआधी कुणीही त्याला कुठल्याही ग्रुपात ओढू शकत होतं. मोबाइल काढून घ्यायचा विचार आला होता. त्याने विचारलं, "मोबाइल त्यांनी वापरला, काढून माझा घेणार?" याला उत्तर नव्हतं.

सात दिवस झाले, उत्तर नाही. २ जानेवारीला स्मरणपत्र दिलं, दोन ओळींचं, आधीचा आवक क्रमांक घालून. ५ तारखेला फोन आला: गुरुवारी, ९ जानेवारीला, समितीची बैठक.

मधल्या दिवसांत रात्री दादूला झोप येत नव्हती. पोटात दुखतं म्हणायचा, सोमवारी जास्त. एका रात्री आम्ही १४४१६ लावला, टेली-मानस, मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन. मराठी निवडता येतं, पैसे पडत नाहीत. तिथल्या समुपदेशकाशी दादू स्वतः बोलला, दार लावून, अकरा मिनिटं. फोनवर त्याला फार अडखळायला होतं, म्हणून मी दाराबाहेर उभी राहून नुसती घड्याळ बघत होते. बाहेर आला आणि म्हणाला, "त्या माझं वाक्य पूर्ण करत नव्हत्या." मी त्याच्या जन्मापासून त्याची वाक्यं पूर्ण करत आले होते.

तिथूनच प्रत्यक्ष भेटायला सुचवलं. सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे, पण दादूला गर्दी नको होती, म्हणून आम्ही सात रस्त्याकडे एका खाजगी समुपदेशक बाईंकडे गेलो. एका भेटीचे सहाशे रुपये. दर शनिवारी, एकूण सहा भेटी झाल्या.

पहिल्या भेटीत बाईंनी त्याला कोरा कागद दिला आणि शाळेचा नकाशा काढायला सांगितला. इमारत, मैदान, पाण्याची टाकी, मुतारी, जिना, सायकल स्टँड, फाटक. मग तीन रंगीत पेन्सिली: जिथे बरं वाटतं तिथे हिरवा, जिथे सावध राहावं लागतं तिथे पिवळा, जिथे जाणं टाळतो तिथे लाल. त्याने स्टँड लाल केला, ते मला माहीत होतं. पाण्याची टाकी लाल केली. मुतारी इतकी दाबून लाल केली की कागद फाटला. मला तेव्हा कळलं की पोरगं अकरा ते पाच पाणी पीत नव्हतं, म्हणजे मुतारीला जावं लागू नये. सोलापूरच्या उन्हात. हिरवं एकच ठिकाण होतं, प्रयोगशाळेच्या दाराशी. तिथले परिचर मामा त्याला काचेची भांडी पुसायला घेतात.

त्या नकाशाची झेरॉक्स आम्ही समितीला दिली. एकोणीस नोंदींनी जे पटलं नव्हतं ते त्या लाल मुतारीने पटवलं.

बाईंनी मलाही बरंच शिकवलं. 'आधी का नाही सांगितलंस' हे विचारायचं नाही, 'सांगितलंस ते बरं केलंस' एवढंच म्हणायचं. थट्टा आणि छळ यातला फरक त्यांनी असा सांगितला: पुन्हा पुन्हा, मुद्दाम, आणि ज्याला उलट देता येत नाही अशाला. ही व्याख्या नॉर्वेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांची. १९८३ पासून त्यांनी बर्गेनच्या शाळांत हे काम केलं. आणि बघ्यांबद्दल एक गोष्ट, जी मी पुढे बैठकीत वापरली. कॅनडात संशोधकांनी शाळेच्या मैदानावर कॅमेरे लावून पाहिलं, २००१ साली ते छापून आलं. बघणाऱ्या मुलांपैकी कुणी मध्ये पडलं तर निम्म्याहून जास्त वेळा दहा सेकंदांच्या आत छळ थांबायचा. दहा सेकंद! आमचा व्हिडिओ सव्वीस सेकंदांचा होता.

९ जानेवारीची बैठक दुपारी तीनला होती, सुरू झाली चारला. मी कारखान्यातून अर्धा दिवस रजा टाकली होती, हे आले होते. तिन्ही मुलांचे पालक. त्यातल्या एकाचे वडील, बंगलेवाले, खुर्चीत बसतानाच म्हणाले, "माझ्या मुलाचं नाव कागदावर कुठं आलंय ते दाखवा, वकील बघून घेईल." दुसऱ्याचे बोललेच नाहीत. तिसरी बाई, त्याच वर्गातल्या मुलाची आई, पूर्व भागातल्या, विड्या वळतात. त्या दाराशी उभ्या होत्या, कुणी बसा म्हणेपर्यंत. बोटांना तंबाखूचा पिवळा रंग, पदरात हात लपवलेले. मी त्यांना मनातल्या मनात तीन आठवडे शिव्या घातल्या होत्या. तोंड पाहिल्यावर शिवी जागच्या जागी राहिली. बंगलेवाल्या बापाबद्दल मात्र आजही चांगलं लिहिता येत नाही, माफ करा.

तासाभराने मुख्याध्यापक म्हणाले, "चला, मुलांना बोलवू, हात मिळवून टाकू द्या." इथे मी नाही म्हटलं. बाईंनी आधीच बजावलं होतं: भांडण बरोबरीच्यांत असेल तर समेट ठीक, इथे तीन विरुद्ध एक आहे, समोरासमोर बसवलं तर तो सगळ्यांसमोर 'ठीक आहे' म्हणेल आणि दारातून बाहेर पडल्यावर हिशेब वसूल होईल. मी तेच सांगितलं. समितीतल्या एका शिक्षिकेने मला उचलून धरलं आणि तिथून बैठक वळली.

ठरलं ते असं. तिघांशी वेगवेगळं बोलायचं, पालकांसमोर. व्हिडिओ ज्याच्या-ज्याच्याकडे आहे त्याने पुसायचा, वर्गशिक्षकांनी तसं बघायचं. मधल्या सुट्टीत स्टँड आणि टाकीपाशी एकेक शिक्षक. दादूला वाटलं तर प्रयोगशाळेत जाऊन बसायची मुभा. आठवी-नववीला 'बघणाऱ्याने काय करायचं' यावर एक तास. तक्रारपेटी जिन्याखाली हलवायची. मी इतिवृत्ताची प्रत मागितली. ती मिळायला आणखी बारा दिवस आणि दोन फेऱ्या गेल्या.

रिक्षा आम्हीच बदलली. जुन्या रिक्षाचे महिना नऊशे, नवीनचे अकराशे. रिक्षावाल्या काकांनी मागचं सगळं आरशात बघितलं होतं. विचारलं तर म्हणाले, "पोरांच्यात कशाला पडायचं."

त्याच आठवड्यात गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा. होम मैदानावर पाळणे लागलेले, शाळेला सुट्टी, आणि आमचं पोर म्हणतंय जायचं नाही, तिथे ते असतील. मी आग्रह केला नाही. सासूबाईंनी केला. "सिद्धेश्वर काय त्यांच्या एकट्यांचा आहे?" त्या त्याला भर दुपारी घेऊन गेल्या, गर्दी नसताना, आणि दोघं भेळ खाऊन आले.

थांबलं का? एका दिवसात नाही. फेब्रुवारीत दोन नोंदी आहेत वहीत: एकदा जिन्यात बोटं फिरवली, एकदा वहीवर चक्र काढलं. दोन्ही वेळा दादूने त्याच दिवशी शिक्षिकेला सांगितलं, मी नंतर गेले. जिन्यातल्या वेळी वर्गातली एक मुलगी म्हणाली, "बस की बे," आणि झालं. मार्चमध्ये एक नोंद, एप्रिलमध्ये नाही. पोटदुखी गेली. हजेरीच्या वेळी 'हजर' म्हणण्याऐवजी आता हात वर केला तरी चालतं, सगळ्याच वर्गाला, त्याच्या एकट्यासाठी नाही. ही शिक्षिकेची कल्पना. डिसेंबरात मी त्यांच्यावर चिडले होते, म्हणून हे लिहायलाच हवं.

अडखळणं आहे तसं आहे. मार्चपासून वाचा-उपचार करणाऱ्या मॅडमकडे जातो, त्यांचे पैसे निराळे. त्यांनी पहिल्या दिवशी आम्हा मोठ्यांनाच पथ्य दिलं: 'हळू बोल', 'श्वास घे' म्हणायचं नाही, वाक्य पूर्ण करायचं नाही, डोळ्यांत बघून थांबायचं. सासूबाईंना जमलं. मला अजून पूर्ण जमत नाही.

खर्च विचारतील म्हणून लिहून ठेवते. समुपदेशनाचे तीन हजार सहाशे. रिक्षाचे जास्तीचे महिना दोनशे. झेरॉक्स आणि लिफाफे मिळून शंभरच्या आत. साडेतीन दिवसांची रजा. फोन, पोलीस ठाणं, समिती, यांना एक रुपया लागला नाही. वकील आम्ही केला नाही, बंगलेवाल्यांचाही पुढे दिसला नाही.

गुढीपाडव्याच्या आदल्या संध्याकाळी दार वाजलं. विडीवाल्या अक्का होत्या. पत्ता कुठून मिळवला कोण जाणे. पिशवीतून त्यांनी स्टीलचा डबा काढला, झाकणावर दादूचं नाव कोरलेला. घरात माळ्यावर सापडला म्हणाल्या, पोराने लपवला होता. "तो मार खाल्ला आज," म्हणाल्या. मी म्हटलं, "मारू नका हो अक्का." त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगा मग, काय करू? हजार विड्या वळायच्या असतात मला." मी त्यांना १०९८ आणि १४४१६ दोन्ही नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिले, आणि समुपदेशक बाईंचा पत्ता. त्या सहाशे रुपयांच्या आहेत हे लिहिताना पेन अडलं. मग सिव्हिलचं लिहिलं.

रिकामा डबा परत द्यायचा नसतो म्हणून त्यांनी त्यात शेंगाचटणी भरून आणली होती. चटणी आम्ही खाल्ली, फार चांगली होती. डबा दादूने घेतला नाही. "मला नको तो," म्हणाला, आणि मी आग्रह केला नाही. आता कारखान्यात माझ्या टेबलावर असतो. त्यात बटणं ठेवते.